बारा गावं आणि एकच साचा

देव घासायला काढले होते. चिंचेचा कोळ आणि मीठ लावून निम्मे झाले होते. अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि घंटा पाटावर उजळून बसली होती. समया, ताम्हन आणि पळी-पंचपात्र अजून काळंच होतं. सर्वपित्री चार दिवसांवर आलेली, लगेच घटस्थापना, म्हणून त्या बुधवारी मी दुसरं काही हातात घेणार नव्हते. तेवढ्यात वन्सं लॅपटॉप उघडाच धरून स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, हात धुवा. तुम्हाला एक गाव चालवायचं आहे.”

वन्सं म्हणजे माझी नणंद, विद्युल्लता. वयानं माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मी लग्न होऊन धारहून देवासला आले तेव्हा त्या चौथीत होत्या आणि मी त्यांच्या वेण्या घालत असे. तरी सासूबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं की नणंदेला वन्सं म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं, ते तोंडात बसलं ते बसलंच. त्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणं मी वीस वर्षांपूर्वी सोडलं. बावीस वर्षं एका खाजगी हिंदी शाळेत त्यांनी इतिहास शिकवला, आणि शाळेतून आल्यावर घरात कमी आणि रस्त्यावर जास्त असायच्या. त्यांना गावं बघायचा नाद. देवळं आणि बाजार सगळेच बघतात, यांचं निराळंच. कुठल्याही गावी बसमधून उतरलं की समोर जो भेटेल त्याला त्या दोन प्रश्न विचारतात. इथे पाणी कुठून येतं? आणि इथे भांडण कशावरून होतं? कन्नौदला गेल्या तेव्हा मंडीतल्या एका हम्मालानं त्यांना उन्हात तासभर उभं करून भांडणांचीच यादी सांगितली, आणि वन्सं ती वहीत उतरवून आनंदानं घरी आल्या. बाग नावाच्या गावी गेल्या तर तिथली छापाची साडी आणतील असं मला वाटलं होतं. आणलं काय, तर एक ओलं फडकं. म्हणाल्या, हे नदीच्या वाहत्या पाण्यात धुतलेलं आहे, वहिनी, रंग कसा उघडला बघा, हे गाव नदीशिवाय उभंच राहणार नाही. साडी नाही ती नाहीच.

तर अशा बाईच्या हाती तो खेळ लागला.

गेल्या वर्षी नववीतली आरोही मधल्या सुट्टीत मोबाइलवर खेळताना सापडली. वन्संनी फोन जप्त केला. शाळेचा नियम असा की तो लगेच मोठ्या सरांकडे द्यायचा. यांनी मात्र स्टाफरूममध्ये बसून तो स्वतःच बघितला. माळव्यातली बारा गावं त्या खेळात होती. आपण एका गावाचे कारभारी व्हायचं. धान्य साठवायचं, विहिरी खणायच्या, तट बांधायचा, शेजारच्या गावाशी कधी सोयरीक करायची, कधी लढाई. एक हुकूम दिला, किंवा नुसतं बसून राहिलं, की एक महिना सरतो. वन्संनी देवास उघडलं आणि बघतात तो गावाच्या दक्षिणेला बंदर, आणि बंदराला तीन जहाजं लागलेली.

त्यांनी धार उघडलं. तीच जहाजं. उज्जैन उघडलं, तिथेही तीच, फक्त शिडांचा रंग वेगळा. वेस तीच, बाजार तोच, देऊळही तेच. कुणीतरी एक गाव करून ठेवलं होतं आणि बाकीच्या अकरांवर पाट्या बदलल्या होत्या. चकलीच्या सोऱ्यातून शेव पडावी तशी गावं पडली होती.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी बसून त्यांनी कंपनीला हिंदीत चार पानी पत्र लिहिलं. कंपनी इंदूरची, तरुण पोरांची. ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, ते पत्र वाचलं आणि विचारलं की खेळात बंदर असलं तर कुणाचं काय बिघडतं. त्यावर वन्सं म्हणाल्या, “दादा, उद्या तुझ्या फोटोला कुणी दुसऱ्याचं नाक लावलं तर चालेल का तुला?” ह्यांनी नाकाला हात लावला आणि पुन्हा पेपर वाचू लागले.

उत्तर येईल असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं. आलं. मनन नावाचा एक मुलगा, तिथला मुख्य, स्वतः देवासला येऊन गेला. उंच, सौम्य, बूट दाराबाहेर काढून आत आला म्हणून माझं त्याच्याविषयी मत चांगलं झालं. पोहे खाता खाता म्हणाला, दीदी, सगळीकडे असंच बनतं. एक शहर नीट बनवायचं, बाकीच्यांचं नाव बदलायचं. बारा वेगळी शहरं बनवायला वेळ कुणाकडे आहे? पण तुम्ही बनवून दाखवणार असाल तर या.

वन्संनी शाळेतून तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेतली. मोठ्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं: घटस्थापनेच्या सोमवारी वर्गावर हजर झालात तर वर्ग तुमचा; नाही तर दुसऱ्या बाई बघून ठेवल्या आहेत. आणि मननचं म्हणणं असं की त्याआधीच्या शुक्रवारी सगळ्यांसमोर देवास दाखवा. पटलं तर पुढे, नाही तर बारा गावं जशी आहेत तशीच बाजारात जातील, फक्त जहाजं काढून. म्हणजे त्या बुधवारी मी देव घासत होते तेव्हा वन्संच्या हातात दोन दिवस होते. दोन्हीकडून सुटायची वेळ आली होती, आणि त्यांचं देवास काही जमत नव्हतं.

का जमत नव्हतं ते सांगते. देवासचं वेगळेपण म्हटलं की इथल्या शेंबड्या पोरालाही एकच गोष्ट ठाऊक असते: एका गावाचे दोन राजे. दोन भावांच्या दोन शाखा, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन गाद्या. आमच्या घराण्यानं धाकट्या पातीच्या दफ्तरात कारकुनी केली. समोरच्या मोबाइलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राजाबाई राहतात, त्यांच्या घराण्यानं थोरल्या पातीकडे. मधला रस्ता निम्मा एका पातीचा आणि निम्मा दुसरीचा होता म्हणतात. राज्यं जाऊन पाऊणशे वर्षं झाली, आता रस्त्यावर दोन्ही बाजूंना सारखेच खड्डे आहेत.

वन्संनी काय केलं, तर खेळातल्या देवासमध्ये मधोमध रेघ मारली आणि सगळं दोन-दोन दिलं. दोन दरबार, दोन कोतवाल्या, दोन कोठारं, दोन टपालखाने. महिनाभर खपून केलं होतं. कंपनीतल्या पोरांनी खेळून बघितलं आणि कंटाळली. मननचा निरोप मी स्वतः ऐकला. तो म्हणाला, “दीदी, ये तो एक ही शहर की दो फोटोकॉपी है. काम डबल, मज़ा आधा.”

वन्संनी त्यावर दोन दिवस तेच गाव उलटसुलट खेळून बघितलं. मग त्यांच्या मनानं घेतलं की जिनं असला खेळ कधी खेळला नाही तिच्याकडून खेळवून बघावं, आणि घरात अशी मीच होते.

मी हात धुतले. पदराला पुसले. वन्संनी लॅपटॉप पोळपाटाशेजारी ठेवला आणि कुठे बोट लावायचं ते दाखवलं. गाव छान दिसत होतं हे कबूल करते. मधे टेकरी होती, वर दोन देव्यांची दोन देवळं, पायऱ्यासुद्धा. मी आधी नमस्कार केला. वन्सं म्हणाल्या, वहिनी, ते चित्र आहे. मी म्हटलं, भिंतीवरचंही चित्रच असतं.

डाव सुरू झाला तो दुष्काळानं. पाऊस नाही, लोक धान्य मागताहेत. दोन्ही दरबारांची दोन माणसं दारात उभी. हुकूम द्यायचा की धान्य पाठवा. मी विचारलं, कुणाला? वन्सं म्हणाल्या, आधी एकाला, मग दुसऱ्याला, ज्याला नंतर मिळेल तो थोडा नाराज होईल, खाली लाल रेघ दिसेल, घाबरू नका.

मी बोट उचललं ते उचललेलंच राहिलं. दोघांना एकदम पाठवता येत नाही का, असं मी विचारलं. नाही, म्हणाल्या, एका वेळी एकच हुकूम. मग आधी कुणाला, हे कोण ठरवणार? तुम्ही, म्हणाल्या, तुम्ही कारभारी आहात. मी म्हटलं, मी नाही ठरवणार. मी आपली बसून राहिले. एक महिना सरला, दुसरा सरला. कोठारं भरलेली आणि गाव रिकामं होत चाललेलं. वन्सं आधी हसल्या, मग चिडल्या. म्हणाल्या, वहिनी, तुमच्या हट्टापायी माणसं मरताहेत.

“मरू देत,” मी म्हटलं. “पण पहिलं कोण, हे मी ह्या गावात एकदा ठरवलं होतं. पुन्हा नाही ठरवणार.”

एवढं बोलून मी समई घासायला घेतली. वन्सं मात्र उठल्या नाहीत. काय ठरवलं होतं, कधी, असं विचारत राहिल्या. मला आश्चर्य वाटलं, कारण आमच्याच घरातली गोष्ट आणि वन्संना ठाऊक नाही. मग लक्षात आलं, कशी असणार? घरची लेक त्या. अक्षत सुना नेतात.

मी त्यांना सांगितलं ते असं. लग्न होऊन मला सहा महिने झाले होते. एका चुलत दिराचं लग्न निघालं. पहिली अक्षत गणपतीला, दुसरी टेकरीवर आईला. सासूबाईंना ताप होता, म्हणून दोन वाट्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, वर जाऊन ठेवून ये. बरोबर समोरच्या राजाबाईंना घे. मी नवी, राजाबाईंची भीती वाटायची, मी एकटीच गेले. धारला आमची एकच कालिका, तळ्याकाठची. सगळा गाव तिच्याकडेच जातो. आधी कोण, नंतर कोण, हा प्रश्नच मी जन्मात कधी ऐकला नव्हता. टेकरी चढले, मोठ्या मातेला म्हणजे तुळजाभवानीला अक्षत ठेवली, मग पुढे होऊन छोट्या मातेला, चामुंडेला ठेवली, आणि प्रसाद घेऊन घरी आले. सासूबाईंनी विचारलं, कशी ठेवलीस? मी सांगितलं. अंगात ताप, तशाच उठल्या, अनवाणी जिना उतरल्या, राजाबाईंना हाक मारली आणि दोघी पुन्हा टेकरी चढल्या. राजाबाई तेव्हा चाळिशीच्या होत्या. जाता जाता माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, “धारची सून. एका देवीची सवय.” ते वाक्य मला पुढे दहा वर्षं पुरलं.

आमच्या घरची रीत मला नंतर कळली. इतरांची काय असेल ती असो, आमची आणि समोरची अशी आहे. अक्षत घेऊन दोघीजणी जायचं, एक ह्या घरची आणि एक त्या घरची. वाट फुटते तिथे थांबायचं, माळ काढायची आणि एकदम जप सुरू करायचा. एक जण मोठ्या मातेकडे वळते, दुसरी छोट्या मातेकडे. जप चालूच ठेवायचा, कुणाशी बोलायचं नाही. माळ पुरी होऊन बोट मेरुमण्याला लागलं की अक्षत ठेवायची, त्याआधी नाही. मग परत त्याच जागी भेटायचं आणि मुकाट्यानं उतरायचं. आमच्या मुलाच्या, शुभंकरच्या लग्नात मी आणि राजाबाई अशाच गेलो होतो.

वन्संनी विचारलं, पण दोघींचा जप सारख्या वेगाचा कसा असेल? एकीची माळ आधी संपणारच. मी म्हटलं, संपत असेल. वन्सं म्हणाल्या, म्हणजे एक देवी पहिली होतेच. मी म्हटलं, होत असेल, पण कोणती ते कोण सांगणार?

वन्संनी लॅपटॉप मिटून काखेत मारला. मग पायांत चपला घालून थेट समोर निघाल्या. माझे हात चिंचेनं भरलेले, तशीच मागून गेले, कारण राजाबाईंकडे त्यांना एकटीनं जाऊ देणं बरं नाही.

राजाबाई आता ऐंशीच्या आहेत. ऐकायला येतं सगळं, पण आपल्याला हवं तेवढंच. शेव निवडत बसल्या होत्या. दात नाहीत, म्हणून जाड-जाड बाजूला काढून बारीक-बारीक स्वतःला. वन्संनी लॅपटॉप उघडून दाखवला, खेळ म्हणजे काय ते हिंदी-मराठीत मिळून समजावलं. राजाबाईंनी टेकरी ओळखली. मग मधली रेघ बघितली, दोन कोठारं, दोन कोतवाल्या, सगळं एकेक करून बघितलं.

“हे कुणी केलं?” म्हणाल्या.

वन्सं म्हणाल्या, मी.

“मास्तरीण आहेस ना? मग एवढं कळत नाही? दोन घरं करून दिलीस तर भांडतील कशाला? ज्याचं त्याच्याकडे. अगं, आमची सगळी तारांबळ होती ती जे एकच होतं त्यापायी. देव्यांची टेकरी एक, बाजार एक, वाणी एक, सोयरे तेच. ते फाडता येईना, आणि पहिला कोण ते तोंडानं म्हणता येईना.”

वन्संनी विचारलं की मग अक्षतीच्या वेळी खरं पहिलं कोण पोचायचं. राजाबाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “हिची माळ बैलगाडीची, माझी मोटारची. पण ते ठाऊक होऊ नये म्हणून तर माळ. एकदा ठाऊक झालं की गावात राहायचं कसं?” आणि शेवेचं ताट पुढे केलं, जाड बाजूचं.

घरी येऊन वन्संनी दार लावून घेतलं. मी राहिलेले देव घासले, कोरड्या फडक्यानं पुसून देव्हाऱ्यात बसवले. जेवायला हाक मारली तर आल्या नाहीत, ताट आत नेऊन दिलं. ताट न्यायला गेले तेव्हा पाहिलं, खेळातल्या देवासची मधली रेघ गेली होती. दुसरं कोठार, दुसरी कोतवाली, दुसरा टपालखाना, सगळं पुसलं होतं. महिन्याचं काम. गाव लहान झालं होतं, भुंडं दिसत होतं. मला वाईट वाटलं, पण वन्संच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. त्या पोळीचा तुकडा हातात धरून मला समजावून सांगू लागल्या, आणि मला जे कळलं ते असं.

आता देवासमध्ये एका वेळी दोन हुकूम लिहायचे, एक ह्या गादीचा आणि एक त्या गादीचा. दोन्ही पाकिटं बंद. दोन जासूद एकदम निघणार. कोण आधी पोचलं हे खेळणाऱ्यालाही दिसणार नाही, कधीच नाही. महिना सरला की दोन्ही पाकिटं एकदम उघडणार. आणि कोठार एक, बाजार एक, टेकरी एक. एका गादीनं कोठारातून जास्त उचललं तर दुसरीच्या पाकिटातला हुकूम वाया. म्हणजे खेळणाऱ्याला सारखं दोघांच्याही मनानं विचार करायचा. हळू चालेल गाव, म्हणाल्या वन्सं. लढाईत मागे पडेल. पण कुणी आत फितुरी करायला आला तर त्याला पत्ताच लागणार नाही की कुणाला फोडायचं.

मी म्हटलं, आता द्या. आणि ह्या वेळी मी धान्य पाठवलं, दोघांना, एकदम. एक माणूस मेला नाही. तीन महिने गाव चालवलं आणि मगच आमटीला फोडणी दिली.

शुक्रवारी दुपारी बैठक होती, लॅपटॉपवरच. वन्सं इस्त्रीची साडी नेसल्या. हे बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसले होते, पण पान उलटल्याचा आवाज येत नव्हता. मी पलीकडे दुर्वा निवडत होते. पडद्यावर मनन आणि त्याच्यासारखीच पाच-सहा तोंडं. बराच वेळ नुसती बटणं वाजत होती. मग एक मुलगा हसला, दुसरा म्हणाला, “अरे भिया, थांब, तू कोठार रिकामं केलंस!” मग सगळे एकदम बोलू लागले, भांडू लागले. अर्धा तास ती मुलं त्या गावात भांडत होती. मला राजाबाई आठवल्या.

मनन खूष होता. देवास राहणार, असं त्यानं आधीच सांगून टाकलं. माझ्या हातातल्या दुर्वा तशाच राहिल्या, मी देव्हाऱ्याकडे बघून मनात म्हटलं, आई, पावलीस. आणि तेवढ्यात तो म्हणाला, “दीदी, इतना बढ़िया है कि इसको सब में डाल देते हैं. बारह के बारह शहरों में दो गद्दी.”

तो पुढे सांगत होता, वेळ वाचेल, लोकांना आवडेल, उज्जैनमध्ये दोन, धारमध्ये दोन, इंदूरमध्ये दोन. खरं सांगते, मला त्यात वाईट काही दिसलं नाही. काम पसंत पडलं, बाराही गावांत गेलं, तर बारापट कौतुक. प्रसाद तरी आपण एकट्यालाच का देतो? पण मग मला धार आठवलं, आमची तळ्याकाठची एकुलती कालिका, आणि तिच्या शेजारी दुसरी आणून बसवली तर कसं दिसेल ते. मी दुर्वांची जुडी खाली ठेवली.

वन्सं म्हणाल्या, नाही. सरळ आवाजात, वर्गात म्हणतात तसं. दोन गाद्या फक्त देवासला. मननला वाटलं त्या मान मागताहेत. म्हणाला, तुमचं नाव येईल, दीदी. वन्सं म्हणाल्या, नाव नको. तुम्ही हे सगळ्या गावांना दिलंत तर पुन्हा बारा गावं आणि एकच साचा. मग जहाजंच ठेवली असती, त्यांनी काय बिघडवलं होतं? द्यायचंच असेल तर देवास खेळातून काढून टाका.

बाहेरच्या खोलीत पेपर खाली पडला. मीही घाबरले. सोमवार तीन दिवसांवर, शाळा हातात, हे हातातून चाललेलं, आणि ही बाई स्वतः जमवलेलं गाव काढून टाका म्हणते.

मनन खुर्चीत मागे टेकला. मग जे म्हणाला ते रागानं म्हणाला नाही, उलट थोडा थकून म्हणाला. “ठीक है दीदी. पर बाकी ग्यारह को फिर क्या दूँ? उनका अपना कुछ है तो आप लाओ. अगले शुक्रवार तक एक शहर ला दो, ऐसा ही पक्का. तब मैं ऊपर बात करूँगा. नहीं तो ये सब में जाएगा, मैं रोक नहीं पाऊँगा.”

म्हणजे वचन काही नाही. आठ दिवस आणि एक गाव. पडदा बंद झाल्यावर हे आत आले आणि म्हणाले की सोमवारी शाळेत जा, विद्यु, पोरांच्या खेळावर म्हातारपण काढता येत नाही. त्यांचंही चुकलं असं मला म्हणता येणार नाही. बावीस वर्षांची नोकरी. वन्संनी त्यांचं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, वहिनी, धारला पाणी कुठून येतं?

मला वाटलं, चिडवताहेत. पण नाही, वही उघडली होती. मी सांगत गेले. धारला साडेबारा तळी म्हणतात. माझ्या लहानपणी पाऊस लागला की आमचे वडील छत्री घेऊन बघायला जायचे, वरचं तळं भरलं का. ते भरून सांडलं तरच खालच्यात पाणी येणार, खालचं भरलं तर त्याच्या खालच्यात. वरच्या मोहल्ल्यानं घाई करून सांडव्याची फळी काढली तर खालचे कोरडे, आणि अडवून ठेवलं तर वरच्यांच्याच घरात पाणी. पावसाळाभर बायका एकमेकींना विचारायच्या, तुमचं सांडलं का. पोरींची लग्नं ठरवताना तळं वरचं की खालचं हे बघायचे.

वन्संचं पेन भराभरा चाललं होतं. त्यांनी विचारलं, आणि साडे म्हणजे? अर्धं तळं कोणतं? मी म्हटलं, ते धारमधलं प्रत्येक माणूस वेगळं सांगतो. आमच्या घरात वडील एक सांगायचे आणि आई दुसरं, आणि त्यावरून अबोला धरायचे. वन्सं म्हणाल्या, म्हणजे भांडण पण आहे.

संध्याकाळी दिवा लावल्यावर त्यांनी मोठ्या सरांना फोन केला. मी समोरच बसले होते, स्तोत्र म्हणत, म्हणून थांबता आलं नाही, पण कान तिकडेच होते. सोमवारी येऊ शकत नाही, सर, एवढंच म्हणाल्या. पलीकडून काही विचारलं असावं. वन्सं म्हणाल्या, नाही, पुढच्या सोमवारीही नाही. मग मुलांच्या वह्या कुठे ठेवल्या आहेत, नकाशांच्या कपाटाचं कुलूप जरा अडतं, किल्ली वर उचलून फिरवावी लागते, असं सगळं नीट सांगितलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर दोन्ही हात मांडीवर घेऊन बसल्या. मी आरतीचं तबक पुढे केलं, त्यांनी हात फिरवून डोळ्यांना लावले.

रात्री हे भाजीला नावं ठेवत जेवले. ताटावरून उठताना मात्र म्हणाले की तळ्यांच्या काठाला चिखल असेल, तिची ती शाळेची चप्पल टिकायची नाही, तुझे बूट दे तिला.

उद्या शनिवार. सातच्या बसनं वन्सं धारला जाणार आहेत, वरच्या तळ्याचं पाणी खालच्यात कुठून उतरतं ते बघायला.